देव असो वा देवी, संबंधितांस

दिवस पहिला : टर्मिनी

रोमच्या टर्मिनी स्टेशनातून बॅगा ओढत बाहेर आलो, तर समोरच्या झाडांखालून माणसं छत्र्या उघडून चालली होती. पाऊस नव्हता. नोव्हेंबरातलं स्वच्छ आभाळ, मावळतीला जरा नारिंगी. "ह्या लोकांना काय झालंय?" असं वन्सं विचारतायत तोवर उत्तर त्यांच्या खांद्यावर येऊन पडलं.

वर पाहिलं तर हजारो पक्षी. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, त्यांचेच हे भाऊबंद. दिवसभर शहराबाहेरच्या शेतांत चरायचं आणि रात्री उबेला शहरातल्या झाडांवर यायचं. चादर झटकावी तसा तो थवा वळत होता, फाटत होता, परत मिटत होता. खालच्या फरशीची अवस्था सांगण्यासारखी नव्हती.

हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी वन्संच्या खांद्याकडे बघून हसली. हे शुभ असतं म्हणाली, नशीब उघडतं. वन्सं खूष झाल्या. मी रुमाल ओला करून दिला.

आमच्याविषयी थोडं सांगते. मी कोल्हापूरची. एकतीस वर्षं नोंदणी खात्यात कारकुनी केली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र. नाव चुकलं, चतुःसीमा चुकली, की दस्त परत. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण, वय ७१, मनगटाला काळा दोरा, पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी. माझा असल्या कशावर विश्वास नाही, असं मी सांगत असते. रोमचं वेड मला टाऊन हॉल म्युझियमनं लावलं. १९४० च्या दशकात ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेला पोसायडनचा, म्हणजे समुद्रदेवाचा, छोटा ब्राँझचा पुतळा तिथं आहे. शाळेच्या सहलीत तो पाहिल्यापासून डोक्यात एकच प्रश्न होता, की हा बाबा पंचगंगेच्या काठी कशाला आला? ते जमेल तेव्हा जमेल, आधी त्याचं गाव तरी बघू, म्हणून हा प्रवास.

रात्री खिडकीतून तो थवा झाडांत विरताना पाहिला आणि मनात म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी हे दृश्य बघून इथं एखादी सभा रद्द झाली असती. लॅटिनमध्ये शकुनाला जो शब्द आहे, 'ऑस्पिकियम', त्याचा अर्थच पक्षी पाहणं. शकुन बघणारा अधिकारी म्हणजे ऑगर. तो टेकडीवर उभा राहून वाकड्या मुठीच्या काठीनं आभाळाचा एक तुकडा आखून घ्यायचा, की पूर्वेला अमुक झाड, पश्चिमेला तमुक कडा. त्या हद्दीत पक्षी आला तरच तो धरायचा. आभाळाची चतुःसीमा! मला तिथंच हे लोक आपल्यातले वाटायला लागले.

दिवस दुसरा : फोरम आणि पॅलेटाइन

सकाळी फोरममध्ये, म्हणजे जुन्या रोमच्या मुख्य चौकात, शिरलो आणि 'पवित्र मार्गा'वर वन्संना ठेच लागली. बसाल्टच्या त्या काळ्या, गुळगुळीत, वेड्यावाकड्या फरश्या दोन हजार वर्षांत कोणी सपाट केलेल्या नाहीत. वन्सं लगेच थांबल्या. "घटकाभर बसू या." मी म्हटलं, बसा, आणि ऐका.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्राकस घरातून निघाला. गरिबांना जमीन वाटण्याचा कायदा आणणारा माणूस, म्हणून मला तो जवळचा. त्या पहाटे शकुनाच्या कोंबड्या, एक सोडून, पिंजऱ्याबाहेर यायला तयार नव्हत्या. उंबऱ्याला ठेच लागली, अंगठ्याचं नख फुटून चपलेतून रक्त आलं. पुढं डाव्या हाताला छपरावर कावळे भांडत होते आणि त्यातल्या एकानं दगड पाडला, तो नेमका ह्याच्या पायाशी. बरोबरचे लोक थबकले. एक मित्र म्हणाला, कावळ्याला भिऊन घरी बसलास तर विरोधक काय म्हणतील? तो गेला. त्या दिवशी सिनेटरांनी बाकड्यांच्या पायांनी आणि दांडक्यांनी त्याला मारून टाकलं.

"बघा!" वन्सं म्हणाल्या.

"काय बघा? ठेच लागली म्हणून मेला का जमिनी वाटल्या म्हणून?"

उत्तर आलं नाही. पण पुढं उजवा पाय टाकूनच निघाल्या. रोमन असत्या तर हेच केलं असतं. देवळाच्या पायऱ्या विषम संख्येत ठेवाव्यात असं त्यांचा वास्तुशास्त्रज्ञ विट्रूव्हियस लिहून गेलाय. उजव्या पायानं चढायला सुरुवात केली तर माथ्यावरही उजवाच पडला पाहिजे, म्हणून.

फोरमच्या एका कोपऱ्यात 'लापिस नायगर' आहे, काळ्या दगडांचा एक चौकोन. जाकोमो बोनी नावाच्या पुरातत्त्वज्ञाला १८९९ मध्ये त्याच्याखाली एक तुटका दगड मिळाला. त्यावर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपासची, लॅटिनमधल्या सर्वांत जुन्यांपैकी एक अशी अक्षरं आहेत. नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळतो तशी ओळ वळते, वर जाते, खाली येते. सगळं लागत नाही, पण 'राजा' हा शब्द लागतो, आणि ही जागा जो बाटवील तो देवाच्या हवाली, असा मजकूर लागतो. देवाच्या हवाली म्हणजे त्याला कोणीही मारावं, खुनाचा दोष नाही. आपल्याकडच्या शिलालेखांच्या शेवटी गाढवाचं चित्र कोरलेलं असतं, गधेगाळ, त्याची आठवण झाली. दस्त कुठलाही असो, शेवटचं कलम धमकीचं.

दुपारी पॅलेटाइन टेकडीवर ऑगस्टसचं घर. जगाचा मालक, पण गडगडाटाला भ्यायचा. एकदा रात्रीच्या प्रवासात त्याच्या पालखीला चाटून वीज गेली आणि पुढं मशाल धरणारा गुलाम जागीच गेला. तेव्हापासून हा सील माशाचं कातडं जवळ बाळगायचा, कारण सीलवर वीज पडत नाही अशी समजूत होती. शिवाय कॅपिटोलाइन टेकडीवर गडगडणाऱ्या जुपिटरचं देऊळ बांधलं, ते वेगळंच. सकाळी डावा जोडा उजव्या पायात गेला तर दिवस वाईट. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी प्रवास नाही. हे सगळं चरित्रकार सुएटोनियसनं लिहून ठेवलंय. वन्संना हा सम्राट फार पटला.

मला मात्र खरी ओढ होती ती टेकडीवरच्या संग्रहालयातल्या एका दगडी वेदीची. गर्दी पुतळ्यांपाशी होती, इथं कोणी नव्हतं. साधी, कंबरेच्या उंचीची वेदी. १८२० मध्ये टेकडीच्या पायथ्याशी सापडली. लेख चार ओळींचा आहे आणि त्याचा मराठी आशय असा: 'देव असो वा देवी, त्यास अर्पण. गायस सेक्स्टियस काल्व्हिनस याने सिनेटच्या ठरावानुसार पुनःस्थापित केले.'

मी तिथं दहा मिनिटं उभी होते. वेदी जुनी झाली होती, कुणाची ते कोणालाच आठवत नव्हतं. पण मोडून टाकावी तर कोणीतरी वर रागावेल. मग काय केलं? ठराव केला, आणि नावाच्या जागी 'जो कोणी असेल तो' लिहिलं. एकतीस वर्षांत 'संबंधितांस' हा शब्द मी किती हजार वेळा लिहिला असेल, पण त्याचा इतका जुना नमुना पहिल्यांदाच पाहिला.

रोमन माणूस देवाला भ्यायचा त्यापेक्षा अर्जातल्या चुकीला जास्त भ्यायचा, असं माझं त्या दहा मिनिटांत पक्कं झालं. पुढचे पाच दिवस मी त्याचेच पुरावे गोळा करत होते म्हणा. प्रार्थनेतला शब्द चुकला, बासरीवाला मध्येच थांबला, की अख्खा विधी पहिल्यापासून. एकच यज्ञ तीस वेळा करावा लागल्याची गोष्ट ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं सांगितलीय. तीस वेळा! आमच्याकडं तिसऱ्या फेरीला पक्षकार साहेबांच्या अंगावर जायचा.

आता कोंबड्या. सैन्याबरोबर पिंजऱ्यातून पवित्र कोंबड्या न्यायच्या आणि लढाईआधी दाणे टाकायचे. चोचीतून दाणा सांडेल इतक्या हावरटपणे खाल्लं तर शकुन उत्तम. इ.स.पू. २४९ मध्ये सिसिलीत ड्रेपानाच्या समुद्रात रोमन सेनापती पुब्लियस क्लॉडियस पुल्खरच्या कोंबड्या खाईनात. तो भडकला. खात नाहीत तर पिऊ देत, म्हणून त्यानं त्या समुद्रात फेकल्या. त्या दिवशी रोमची ९३ जहाजं शत्रूनं पकडली. परत आल्यावर खटला आणि दंड. आरमार का हरलं, तर जहाजं किनारा आणि शत्रू यांच्यामध्ये कोंडली म्हणून. पण लोकांना कोंबड्याच आठवतात.

आणि किकेरो, ज्याला आपण सिसेरो म्हणतो, तो स्वतः ऑगर होता. तोच लिहितो की पिंजऱ्यात उपाशी ठेवलेली कोंबडी दाण्यावर तुटून पडणारच, त्यात शकुन कसला? एक आतडी बघणारा ज्योतिषी दुसऱ्याला रस्त्यात भेटल्यावर हसत कसा नाही, हा केटोचा टोमणाही त्यानंच नोंदवलाय. तरी पद सोडलं नाही. सोडणार कसं? इ.स.पू. ५९ मध्ये सीझरचे कायदे अडवायला त्याचा सहकारी बिब्युलस घरात दार लावून बसला आणि रोज निरोप धाडायचा, 'मी आभाळ बघतोय.' आभाळ बघणं चालू असताना सभा भरवता येत नाही. म्हणजे स्थगिती! सीझरनं ती जुमानली नाही हा भाग निराळा. शकुनावर विश्वास नसलेल्या माणसालाही शकुनाचा शिक्का हातात हवा असायचा.

दिवस तिसरा : करणीचं दप्तर

आज दोन संग्रहालयं, दोन्ही टर्मिनीपासून चालत. पालात्सो मास्सिमोत एका भिंतीवर तुकडे जुळवून लावलेलं रंगीत कॅलेंडर आहे, अँझिओला सापडलेलं. सीझरनं पंचांग सुधारलं त्याआधीचं शाबूत राहिलेलं हे एवढंच. लाल-काळ्या अक्षरांत प्रत्येक दिवसापुढं एक अक्षर: एफ म्हणजे कोर्ट चालू, एन म्हणजे बंद, सी म्हणजे सभा भरवता येईल. महिन्याचा पहिला दिवस, पाचवा किंवा सातवा म्हणजे 'नोनेस', आणि मध्यावरचा 'इदेस', ह्या तिन्हींनंतरचा दिवस काळा. १८ जुलै तर कायमचा काळा, कारण त्या दिवशी आलिया नदीवर गॉल टोळ्यांनी रोमन सैन्याची दाणादाण उडवली होती. मे महिन्यात लग्न नको, कारण त्या महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखेला घरात पितरांची भुतं फिरतात. मध्यरात्री घरच्या कर्त्यानं अनवाणी उठायचं, मागं न बघता काळे घेवडे टाकत जायचं आणि नऊ वेळा म्हणायचं, ह्या दाण्यांनी मी माझी आणि माझ्या माणसांची सुटका करून घेतो. वन्सं म्हणाल्या, "मागं न बघता हे बरोबर आहे. दृष्ट काढून टाकून येताना आपण तरी कुठं बघतो?"

मग डायोक्लेशियनच्या स्नानगृहांतलं संग्रहालय. मला इथं उरलेला सगळा दिवस लागला.

१९९९ मध्ये उत्तर रोममधल्या पियात्सा एउक्लीदेपाशी जमिनीखाली पार्किंगसाठी खोदत असताना एक जुना झरा लागला. तो आन्ना पेरेन्ना या देवीचा. मार्चच्या इदेसला लोक तिच्या नावानं नदीकाठी जमून पीत, नाचत आणि जितके पेले रिचवू तितकी वर्षं जगू म्हणत. अशी आनंदी देवी. पण चौथ्या शतकात त्याच झऱ्याच्या टाकीत लोकांनी काय काय टाकलं होतं! नाणी, दिवे, अंड्यांची टरफलं, पाइनची फळं, करणीच्या तयारीचं असावं असं तांब्याचं भांडं, गुंडाळलेले शिशाचे पत्रे. आणि शिशाचे डबे, एकात एक असे तीन, घट्ट बंद. आतल्या डब्यात बोटभर बाहुली.

काचेपलीकडच्या त्या बाहुल्यांकडे वन्सं वाकून बघत राहिल्या. चेष्टा करायचं मलाही सुचलं नाही. कुणीतरी हे रात्री बसून केलंय, हातानं मळलंय, डबा बंद करताना श्वास रोखलाय, हे दिसत होतं.

पत्र्यांकडे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रोमन करणीला नाव 'डिफिक्सियो', म्हणजे खिळ्यानं ठोकून जखडणं. शिसं स्वस्त, मऊ, थंडगार आणि मढ्याच्या रंगाचं. पातळ पत्रा ठोकायचा, त्यावर टोचणीनं मजकूर कोरायचा, गुंडाळी करायची, बऱ्याचदा आरपार खिळा मारायचा आणि थडग्यात, विहिरीत नाहीतर झऱ्यात टाकायचा. पाताळातल्या कार्यालयात टपाल पोचायचे हे मार्ग. मजकूर? शंभर टक्के अर्ज. ज्याच्यावर करणी करायची त्याचं नाव, आणि पुष्कळ ठिकाणी बापाचं न देता आईचं नाव, कारण आई कोण याबद्दल शंका नसते! मग अवयवांची यादी: जीभ, हात, पाय, डोळे, पोट. एकही सुटता कामा नये, सुटला तर तेवढा भाग करणीतून मोकळा. ह्याच झऱ्यातल्या एका पत्र्यावर सुरा नावाच्या लवादाविरुद्ध गाऱ्हाणं आहे: त्याचा उजवा डोळा आणि डावा डोळा जाऊ दे. 'दोन्ही डोळे' म्हणून भागलं नसतं का? नाही. उजवा आणि डावा, वेगवेगळे लिहिलेले बरे. निकाल कुणाच्या तरी विरुद्ध गेला असणार.

इंग्लंडात बाथ गावच्या गरम झऱ्यात असे सुमारे १३० पत्रे सापडलेत, बहुतेक चोरीच्या तक्रारींचे. अंघोळीला उतरलं की कपडे जायचे. चोर माहीत नाही, मग लिहायचं: 'पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र.' पुन्हा तेच, संबंधितांस.

कायदाही होता. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात दुसऱ्याचं पीक मंत्रानं ओढून नेण्याला शिक्षा सांगितलीय. थोरला प्लिनी ह्या लेखकानं त्याचा एक मजेदार खटला दिलाय. गायस फ्युरियस क्रेसिमस हा गुलामीतून सुटलेला शेतकरी. लहानशा रानात शेजारच्या मोठ्या जमीनदारांपेक्षा जास्त पिकवायचा. झालं, करणीचा आरोप. सुनावणीच्या दिवशी त्यानं फोरममध्ये सगळी औतं आणून मांडली, जड कुदळी, धारदार फाळ, धष्टपुष्ट बैल, तगडे गडी, आणि म्हणाला, रोमकरांनो, ह्या माझ्या करण्या. माझं पहाटेचं उठणं आणि घाम तेवढा इथं आणून दाखवता येत नाही. एकमतानं सुटला.

पण ह्या कायद्याचं गृहीत काय, की मंत्रानं पीक खरंच ओढता येतं! महाराष्ट्रानं २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो ह्याच्या नेमका उलट पायावर उभा आहे. जादूच्या नावानं फसवणं आणि छळणं हा तिथं गुन्हा. रोमच्या सिनेटनं इ.स.पू. ९७ मध्ये नरबळीवर बंदी घातली, तेवढं एक कलम दोन्हीकडं जुळतं.

इ.स. १९ मध्ये सम्राटाचा पुतण्या जर्मेनिकस अँटिओकजवळ आजारी पडून मेला, तेव्हा त्याच्या घराच्या जमिनीतून आणि भिंतींतून माणसांची हाडं, अर्धवट जळलेली राख आणि त्याचं नाव कोरलेले शिशाचे पत्रे निघाले. हे इतिहासकार टॅसिटस सांगतो, आणि तो काही हलक्या कानाचा माणूस नव्हे.

संध्याकाळी वन्संनी विचारलं, "मग लागायची का हो करणी?" मी म्हटलं, लिहिणाऱ्याला झोप लागायची असेल.

दिवस चौथा : पाऊस

दिवसभर पाऊस. पियात्सा व्हित्तोरियोच्या कमानींखालून हिंडलो. आसपास बांगलादेशी दुकानं, भेंडी मिळाली, हिरवी मिरची मिळाली. ही एस्क्विलाइन टेकडी. कवी होरेस सांगतो की इथल्या गरिबांच्या दफनभूमीत कानिडिया आणि सागाना ह्या चेटकिणी हाडं वेचायला यायच्या. अंजिराच्या लाकडाचा राखणदार देव प्रियापस त्यांना बघून इतका घाबरला की त्याच्याकडून आवाज सुटला आणि त्या आवाजाला भिऊन बायका पळाल्या. एकीची कवळी पडली, दुसरीचा टोप.

कॅलिगुलाचं भूतही इथलंच. इ.स. ४१ मध्ये त्याचा खून झाल्यावर प्रेत इथल्या लामियांच्या बागेत अर्धवट जाळून घाईनं पुरलं. रखवालदारांना भुतं छळू लागली. शेवटी हद्दपारीतून परतलेल्या बहिणींनी प्रेत काढून रीतसर दहन केलं, तेव्हा थांबलं. रोमन भुताची मागणी बहुतेक वेळा एवढीच असते, की माझं प्रकरण अपुरं आहे, पूर्ण करा. थोरल्या प्लिनीचा भाचा धाकटा प्लिनी, त्याच्या पत्रात अथेन्सचं भुताटकीचं घर आहे. भाडं संशय यावा इतकं कमी, म्हणून अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ मुद्दाम ते घेतो. रात्री साखळ्या वाजवत म्हातारं भूत येतं, बोटानं बोलावतं. हा लिहीत असतो. हातानंच 'थांब जरा' अशी खूण करतो आणि लिहीत राहतो. ओळ पुरी झाल्यावर उठतो, भुतामागं अंगणात जातो, ते जिथं नाहीसं झालं तिथं खूण ठेवतो. दुसऱ्या दिवशी खणल्यावर साखळदंडातली हाडं. जगातल्या सगळ्या भूतकथांत मला हा एकच नायक आवडतो.

दिवस पाचवा : नेपल्स

गाडीनं तासाभरात नेपल्स. पुरातत्त्व संग्रहालयात 'गुप्त दालन' आहे. राजेशाहीत ते कुलपात असायचं, २००० पासून सर्वांना खुलं. आत घंटांची झुंबरं, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई-हर्क्युलेनियम ह्या गावांतली. पंख असलेलं, पाय असलेलं, कधी सिंहाचं धड असलेलं पुरुषाचं लिंग आणि त्याला लोंबणाऱ्या घंटा. वन्संनी पदर तोंडाला लावला आणि मग हसून हसून खाली बसल्या.

ह्याचं नाव फास्किनम. दृष्टीवरचा रोमन उतारा. तान्ह्या बाळाच्या गळ्यात, दुकानाच्या दारात, भट्टीवर. पाँपेईच्या एका बेकरीतला कोरीव दगड इथं आहे, 'इथं सुख नांदतं' असं लिहिलेला आणि मधोमध हेच चिन्ह. विजयी सेनापतीच्या रथाखालीसुद्धा हे टांगलेलं असायचं, त्याच्या यशाला दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या ट्रकला मागं काळी बाहुली, तसं. वाईट डोळ्याला आधी हसवायचं, नजर दुसरीकडं ओढायची, हा हिशेब. वन्संवर तो लागू पडला हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणि त्याच दालनात, त्या सगळ्या गोंगाटात, एकटी उभी असलेली एक हस्तिदंती बाई. वीतभराहून थोडी मोठी, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. "अगं बाई, ही आपली!" वन्सं एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पहारेकरी वळला. १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडलेली ही 'लक्ष्मी'. अभ्यासक आता तिला यक्षी म्हणणं पसंत करतात. तिच्या जवळच्या बहिणी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला सापडल्या आहेत, सातवाहनांच्या काळातल्या. म्हणजे इ.स. ७९ पूर्वी कधीतरी ही मराठवाड्याकडून समुद्रापार गेली असण्याचा मोठा संभव आहे. पोसायडन तिकडं, ही इकडं. घरमालक तिला कशासाठी ठेवत असेल? शोभेला, की शकुनाला? वन्संनी तिला नमस्कार केला. मी केला नाही. पण पाठ दाखवून निघायला जड गेलं, उलट पावली चार पावलं आले, हे खरं.

संध्याकाळी सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत लाल मिरच्याच मिरच्या. मिरच्या नव्हेत, शिंगं. मालोक्कियोवर, म्हणजे दृष्टीवर. दुकानदार म्हणाला, स्वतःसाठी घेतलं तर लागू पडत नाही, दुसऱ्यानं द्यावं लागतं. वन्संनी माझ्यासाठी घेतलं, मी वन्संसाठी. दोघींचे पैसे मीच दिले, ते चालतं की नाही विचारायचं राहिलं. त्यानं आणखी एक सांगितलं: इथं तेरा वाईट नाही, सतरा वाईट. रोमन आकड्यांतल्या सतराची अक्षरं फिरवली की 'व्हिक्सी' होतं, म्हणजे 'मी जगलो', म्हणजे आता नाही. थडग्यांवर तसंच लिहीत.

दिवस सहावा : पाँपेई

व्हेट्टींचं घर वीसेक वर्षांच्या डागडुजीनंतर २०२३ मध्ये उघडलं. दारातच प्रियापस, आपलं भलंमोठं लिंग तराजूत पैशाच्या थैलीशी तोलतोय. मालक दोघे, गुलामीतून सुटून श्रीमंत झालेले. नवा पैसा, त्यामुळं दृष्टीची भीतीही मोठी. आतल्या देव्हाऱ्यात घराचे राखणदार लारेस नाचतायत आणि खाली नैवेद्याकडं सरपटणारा भलाथोरला साप. घराची राखण करणारा साप हे कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पण मला आठवते ती एका घरातली पेटी. २०१९ मध्ये 'बागेच्या घरा'त लाकडी पेटी सापडली. लाकूड कुजून गेलं होतं, ब्राँझच्या बिजागऱ्या उरल्या होत्या. आत काचेचे मणी, अंबर, भुंग्याच्या आकाराचा ताईत, छोटी लिंगं, कवटी, हाडं, बाहुल्या. सोन्याचा कणही नाही. म्हणून ती मालकिणीची नसून एखाद्या नोकराणीची किंवा गुलाम बाईची असावी असा तर्क आहे. त्याच घरात बायकामुलांसह दहा जणांचे सांगाडे सापडले. ती पेटी तिथंच राहिली होती, कोणी उचलली नव्हती. वन्संचा हात पर्सकडं गेला, अंगाऱ्याच्या पुडीकडं.

ज्वालामुखीच्या त्या राखेच्या अंधारात खाडीपलीकडं मिसेनमला सतरा वर्षांचा धाकटा प्लिनी होता. तो लिहितो, पुष्कळ लोक देवांकडं हात पसरत होते, आणि त्याहून जास्त लोक म्हणत होते की आता देव उरलेच नाहीत. अर्ज घेणारी खिडकीच बंद झाल्यावर माणूस जे म्हणेल ते.

दिवस सातवा : कुमाए

कुमाए नेपल्सच्या पश्चिमेला. गाडी, मग बस, मग चढण. सिबिल ह्या भविष्य सांगणाऱ्या बाईची गुहा म्हणून दाखवतात तो सुमारे १३० मीटरचा खडकात खोदलेला बोगदा, वर निमुळता, बाजूच्या झरोक्यांतून उजेडाचे पट्टे. आमेदेओ मायुरीनं १९३२ मध्ये तो सिबिलचा ठरवला. नंतरच्या अभ्यासकांच्या मते तो लष्करी कामाचा असावा. बोगद्याला त्याचं काही नाही, आवाज छान घुमतो.

सिबिलनं राजा टार्क्विनला नऊ पोथ्या विकायला आणल्या. तो महाग म्हणाला. तिनं तीन जाळल्या, किंमत तीच. पुन्हा तीन जाळल्या, किंमत तीच. शेवटी राजानं उरलेल्या तीन नवाच्या दरानं घेतल्या. त्या कॅपिटोलाइनवरच्या देवळात ठेवल्या आणि पुढची व्यवस्था अशी: सिनेटनं ठराव केल्याशिवाय उघडायच्या नाहीत, बघणारी समिती आधी दोघांची, मग दहांची, मग पंधरांची. संकट आलं की फाईल काढायची. इ.स.पू. २१६ मध्ये काने इथल्या लढाईत शत्रूचा सेनापती हॅनिबल ह्यानं रोमन सैन्य कापून काढलं तेव्हा पोथ्यांचा हवाला देऊन गॉल जोडपं आणि ग्रीक जोडपं गुरांच्या बाजारात जिवंत पुरलं. इतिहासकार लिव्ही हे सांगताना म्हणतो की ही रोमन रीत नव्हे. पण केलं ते रोमनांनीच, आणि रीतसर.

इ.स.पू. ८३ मध्ये देऊळ जळलं, पोथ्या जळाल्या. मग? समिती नेमून ग्रीकांच्या गावोगावी माणसं पाठवली आणि नकला गोळा करून फाईल पुन्हा बांधली. पुढं ऑगस्टसनं बनावट भविष्यांच्या दोन हजारांवर पोथ्या जाळल्या आणि खऱ्या ठरवलेल्या पॅलेटाइनवर अपोलोच्या पायाशी ठेवल्या. खऱ्या कशावरून, हेही त्याच्याच हुकमानं ठरलं. जळालेल्या रेकॉर्डची पुनर्बांधणी मी स्वतः एकदा केलीय. त्यामुळं त्या समितीतल्या कारकुनांविषयी मला फार वाटलं.

उतरताना अव्हर्नस सरोवर लागलं, पाताळाचं दार. ह्याच्यावरून पक्षी उडाला तर मरून पडतो असं म्हणायचे. आम्ही काठावर बसून संत्री खाल्ली. चार बदकं पोहत होती.

परतीच्या विमानात वन्सं पुढं, मी मागं, रांगा मोजत चाललो. पंधरा, सोळा, अठरा. मी परत मागं वळून पाहिलं. सतरा नव्हतीच. आमची जागा अठराव्या रांगेत. वन्सं खिडकीशी बसल्या, पट्टा लावला, पर्समधून लाल शिंग काढून मुठीत धरलं आणि जरा विचार करून म्हणाल्या,

"वहिनी, म्हणजे ही सतरावीच की."